गवतांचा प्रबंध आणि निळा पडदा

४ डिसें. ९९, शनि. अंबाजोगाई
औरंगाबादहून परत. गाईड सरांनी पाचवं प्रकरण मान्य केलं. महिनाअखेर प्रबंध सादर करा म्हणाले. आनंदात घरी आले, लॅपटॉप लावला तर त्याचं रूपच वेगळं. माझ्यामागे ह्यांनी नवी सिस्टीम टाकलेली, लातूरहून सीडी आणून. दोन हजार साल लागलं की जुनी बंद पडणार, असं पेपरात वाचलं म्हणे. मला चकित करायचं होतं.
लिहायला बसले. थोड्या वेळाने पडदा निळा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. सगळं ठप्प.

५ डिसें., रवि.
दिवसभर तेच. सुरू होतो, फाईल उघडते, की निळा. फ्लॉपीवर पहिली चारच प्रकरणं. पाचवं आणि गवतांचे सगळे तक्ते आत अडकलेले. बालाघाटाच्या डोंगरात उन्हातान्हात हिंडून केलेलं काम, आणि...
ह्यांच्याशी बोलले नाही. ते जेवले नाहीत. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "त्यानं मुद्दाम केलं न्हाई, अन् तू बी मुद्दाम रडत न्हाईस. आदी दोघं बी जेवा."
जेवलो.

६ डिसें., सोम.
कॉलेजातून येताना बूथवरून पुण्याला दादाला फोन. लॅपटॉप मूळचा त्याचाच. चालू करताना सेफ मोड घे म्हणाला, त्यात अगदी गरजेपुरतंच सुरू होतं. आधी फाईली फ्लॉपीवर काढ, बाकीचं मग बघू.
तसं केलं. पडदा ओबडधोबड आला, अक्षरं ही एवढाली, पण टिकला. प्र. ५ आलं. तक्ते आले. मारवेल, पवन्या, कुसळी, सगळी गवतं सुखरूप. प्रत्येकाची आणखी एक प्रत काढली. सासूबाई फ्लॉप्यांना हळदीकुंकू लावायला निघाल्या होत्या, वेळेवर हात धरला.
हे दारातच उभे. "निघालं?"
"निघालं."
ते तिथेच उंबऱ्यावर बसले.

८ डिसें., बुध.
फाईली वाचल्या, पण लॅपटॉप नेहमीसारखा लावला की बंद पडतोच. सेफ मोडमध्ये छपाई होत नाही, म्हणजे दुरुस्ती हवीच. दादा म्हणतो, सेफ मोडमध्ये चालतोय म्हणजे मशीन धड आहे. आपोआप सुरू होणारे प्रोग्राम असतात, त्यातल्या एकाचं बिनसलंय. सगळे बंद कर, मग एकेक चालू करून बघ.
मला कॉलेजात शिकवायचं, सहामाहीचे पेपर तपासायचे. ह्यांना सांगितलं. त्यांनी ऑफिसात रजा टाकली.

१० डिसें., शुक्र.
हे सकाळपासून लॅपटॉपपुढे. एक प्रोग्राम चालू करायचा, माऊस हलवत बसायचं, पडतो का बघायचं. दुपारी लाईट गेली, बॅटरी जुनी, तिनेही मान टाकली. लाईट आल्यावर पुन्हा सुरुवात.
मी आले तेव्हा चेहऱ्यावरूनच कळलं. जुन्या सिस्टीमच्या वेळचा व्हायरस पकडणारा प्रोग्राम. तो नव्या सिस्टीमवर चालत नाही, आणि तोच आधी सुरू व्हायचा. काढून टाकला. मी लिहायला बसले ते सासूबाईंच्या भाकरी होईपर्यंत. पडला नाही. लई हलकं वाटलं.
जेवताना म्हटलं, मला विचारून करायचं होतं.
"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस."
"हो."
सासूबाईच आधी हसल्या.

२४ डिसें., शुक्र.
प्रबंध सादर. हे सोबत आले होते, बांधलेल्या प्रती बसमध्ये मांडीवर धरून. तोंडी परीक्षा कधी ते कळवतील. परतीच्या वाटेवर बस थांबली तिथे चहा घेतला. गाडी हलल्यावर मला जी झोप लागली ती घरापर्यंत.

१ जाने. २०००, शनि.
साल लागलं. लाईट आहे, नळाला पाणी आहे.
सकाळी लॅपटॉप उघडला. तारीख बरोबर. दादाला पाठवायला काही लिहीत होते आणि मधेच थिजला. निळा नाही झाला, नुसता थिजला. पुन्हा गेलं सगळं वाटलं, मग आठवलं, सगळं फ्लॉपीवर आहे. बंद करून लावला, चालू झाला. कशामुळे, देव जाणे.
हे आत दाढी करत होते. "चालू आहे ना गं?"
चालू आहे म्हटलं.
मधे थिजला होता ते सांगेन. आधी त्यांचा चहा होऊ दे.