तुला न दाखवलेला चेहरा

१२ ऑगस्ट, मंगळवार

चि. टिटवीस, आईचे आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, तुझे बाबा त्याहून जास्त कुरकुरतात. परवा स्टुडिओचा मागचा पडदा स्वतः धुवायला काढला आणि फाडून ठेवला. मी बोलले, तर म्हणतात, "चौतीस वर्षं एकाच खिळ्याला टांगलेला, कंटाळून फाटला तो." असो.

फोनवर तू "बाबांना दे" एवढंच म्हणतेस, म्हणून लिहिते आहे. पत्र मध्येच बाबांना देता येत नाही.

गेल्या गुरुवारी इस्पितळातली एक नर्स ओळखपत्राच्या फोटोसाठी आली होती. स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाली, "बाई, बाहेर येऊन फोटो काढता?"

"नाही. माझे दिवे, माझं स्टूल. इथंच."

"बाळाचा आहे."

"मग घेऊन या बाळाला."

"आणता यायचं नाही. सकाळी जन्मलं तेच गेलेलं. दुपारी नेतील. त्याच्या आईला एक फोटो हवाय हो. काय सांगू तिला?"

उत्तर तोंडाशी आलं होतं. असले फोटो काढत नसतात. चार वर्षांपूर्वी जावईबापूंना मी हेच ऐकवलं होतं. ऑपरेशनच्या गुंगीतही तू निरोप धाडला होतास, 'आईला म्हणावं, बाळाचा एक फोटो काढ.' तू पुरती शुद्धीवर आलीस तोवर तुझ्या लेकीला नेलं होतं.

तेच वाक्य दुसऱ्यांदा बोलवेना. कॅमेरा उचलला आणि नर्सच्या मागून निघाले.

तिथं एक खिडकी, तिचाच काय तो उजेड. बाळाच्या बापानं खिडकीचा पडदा हातानं बाजूला धरून ठेवला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. सवयीनं बोलून गेले, "हनुवटी जरा वर."

बाळाला कुशीत घेतलेली ती पोरगी रडता रडता म्हणाली, "माझी की याची?"

आणि हसली. मग आम्ही तिघंही हसलो, अगं, त्या खोलीत! त्यानंतर मी कुणाला असं बसा, तसं बघा म्हटलं नाही. तिनं त्याची बोटं मोजली, परत मोजली. मी थांबले. तिनं त्याला जसं धरलं तसं टिपत गेले. फोटो काल नेऊन दिले. कसलीही डागडुजी केली नाही त्यांत.

आता जे लिहायला बसले आहे ते लिहिते.

तुला मी सांगितलं होतं, मी तुझ्या बाळाकडे पाहिलंच नाही. खोटं. पाच-सात मिनिटं ती माझ्या हातांत होती. कॅमेरा खांद्याला होता, आनंदाचे फोटो काढायला म्हणून आणलेला. तुझ्या भल्यासाठी नाही म्हटलं, असं सगळ्यांना सांगत आले. तेही खोटं. कॅमेरा डोळ्याला लावला असता, तर ती गेली हे मला मानावं लागलं असतं. मी भ्याले. तुझ्या लेकीचा चेहरा तुझा होता, आणि तो मी तुझ्यापासून दडवून ठेवला.

फोटो काही आता निघायचा नाही. पण चेहरे बघणं हाच माझा धंदा. विसरलेले नाही.

केस भरपूर, काळेभोर. कपाळाशी डावीकडे भोवरा. भुवया म्हणजे नुसती सावली. उजव्या कानाची वरची कड आत दुमडलेली, तुझ्यासारखी. कानाच्या पाळ्या चिकटलेल्या, जावईबापूंच्या. वरचा ओठ मधोमध टोकदार. डाव्या गालावर उशीची वळी उमटावी तशी बारीक रेघ. नाक माझं, नकटं, त्याला इलाज नाही. हनुवटीला खळी. ती कुणाकडून आली कळत नाही. चार वर्षं गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांत शोधते आहे. कपाळावर आठी नव्हती. अंगाला अजून ऊब होती.

माझ्यासमोर स्टुलावर बसली असती, तर मी तिला काहीसुद्धा नीट कर म्हटलं नसतं.

संताप आला तर येऊन भांड. आणखी काही हवं असेल तर विचार. पापण्या, नखं, सगळं सांगेन.

तुझी आई,
आणि तिची आजी