पहिली लेन

६ नोव्हेंबर २००६, कोल्हापूर
आलो एकदाचा. आईनं जयसिंगपूरहून निघताना एवढे लाडू बांधून दिलेत की खोलीभर तुपाचा वास सुटलाय. खोली राजारामपुरीत, शालूबाईंच्या माडीवर. जेवणही त्यांच्याकडेच. संशोधन केंद्र चालत जाण्याजोगं आणि काम अगदी माझ्या आवडीचं. आपल्या पेशींतला डीएनए रोज कुठं ना कुठं मोडतो आणि शरीर तो दुरुस्त करत राहतं. ही दुरुस्ती करणारी जनुकं माणसागणिक थोडी वेगळी असतात. ज्यांची दुरुस्ती कमजोर, त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर जास्त होतो का, हे आम्ही रक्तावरून तपासणार.

रक्तातला डीएनए जेलच्या, म्हणजे खरवसासारख्या वडीच्या, समांतर लेनमध्ये घालून वीज सोडली की प्रत्येकाच्या पट्ट्या उमटतात. इथली एक रीत आहे. तपासणीच्या प्रत्येक जेलमध्ये पहिल्या लेनला धडधाकट माणसाचा नमुना घालतात, शेजारी रुग्णांचे. त्या धडधाकट नमुन्याला कंट्रोल म्हणतात आणि तो द्यायचा मान नव्या माणसाचा. मी हौसेनं मागितलं त्याच्या दुप्पट रक्त दिलं. केंद्रप्रमुख विजयसिंह सर म्हणाले, शाब्बास संघर्ष, वर्षभराची चिंता मिटवलीस.

१३ नोव्हेंबर
पहिलं जेल सुरेख आलं. माझ्या दोन ठळक पट्ट्या, म्हणजे दुरुस्ती चोख. शेजारच्या लेनमध्ये आजऱ्याचे रुग्ण केरबा, त्यांची एकच, तीही पुसट. म्हातारबाबांची नुसती हाडं उरलीत, तरी मलाच विचारत होते, पावणं, जेवाण वेळेवर हुतंय न्हवं? जाताना ओंजळभर काजू दिले.

दाढी करताना हनुवटी कापली. कापूस लावून फिरतोय.

२१ नोव्हेंबर
नुसता वैताग. माझी एक पट्टी फिकी आली. लोडशेडिंगमुळे फ्रीजर दुपारभर बंद, त्याला मी काय करणार? ताजं रक्त काढून पुन्हा लावलं. पुन्हा फिकी, आणि केरबांच्या लेनमध्ये मात्र दोन. माणसाची जनुकं आठवड्यात बदलत नसतात, हे कॉलेजच्या पोरालाही कळतं. सरांनी नळ्यांची अदलाबदल केलीस म्हणून सगळ्यांदेखत झापलं. मी केलेली नाही.

हनुवटी अजून ओलीच आहे.

२ डिसेंबर
केरबा स्वतः केंद्राचा जिना चढून आले. गाल भरलेत. म्हणाले, डाक्टर म्हनत्यात गाठ वसरली, औषध त्येच हाय की, गुण कशानं आला कळंना. मग माझ्याकडं बघून म्हणाले, तुमी मातर लई वाळलायसा. शालूबाईंचंही तेच. माझं जेवण आवडत न्हाय व्हय, म्हणून फुगून बसल्यात.

बोटाला काच लागली. तीही जखम भरत नाही.

९ डिसेंबर
सगळी जेलं पुन्हा पाहिली. जो माझ्या शेजारी येतो त्याला पट्टी मिळते. माझी जाते. सरांना म्हणालो, माझा नमुना फेकून द्या. हसले. मध्येच कंट्रोल बदलला तर सगळा अभ्यास कचऱ्यात जाईल म्हणे. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं. आता फ्रीजरला कुलूप, किल्ली सरांच्या खिशात.

१४ डिसेंबर
लघवीतून रक्त. डॉक्टरांनी बोटानं प्रोस्टेट तपासलं, मग वय विचारलं. पंचवीस म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं.

१६ डिसेंबर
केंद्राच्या व्हरांड्यात रुग्णच रुग्ण. टवटवीत. हातात नारळ. एका आजोबांनी पाठीवरून हात फिरवला, ल्येका, लई चांगलं काम करतायसा म्हणाले. यांचा राग कसा करू? येतो. फार येतो.

१८ डिसेंबर
उठवत नाही. सर सकाळी खोलीवर येऊन गेले, खुशीत. मोठं जेल मांडलंय म्हणे — सगळे रुग्ण एकदम, प्रत्येकाशेजारी मी. हात जोडले. थांबवा म्हणालो. त्यांनी पांघरूण नीट केलं, म्हणाले, आराम कर, वीज आली की आम्ही बटण दाबतो —

लोडशेडिंग आहे अजून. पहिल्यांदाच बरं वाटतंय. पंखा बंद आहे. पंखा बंद आहे तोवर मी —

बोटांची सालं कागदाला —

आईला कळवा, रक्त कुणाला देऊ नको —

खाली शालूबाईंचा रेडिओ लागला. पंखा —