भारतातून दिसणाऱ्या सूर्यग्रहणांची यादी व माझी इतर मिळकत

लिहून ठेवतो खंडू भिवा ओव्हाळ, धर्म बौद्ध, धंदा नोकरी, वय कंपनीच्या कागदावर पन्नास पूर्ण आणि माझ्या आईच्या हिशेबाने शेहेचाळीस, मूळ गाव मोशी, हल्ली राहणार प्राधिकरण, निगडी, तालुका हवेली, जिल्हा पुणे. मार्च महिन्यात छातीत कळ येऊन मी विमा दवाखान्यात होतो. जिने चढू नका आणि संताप करू नका, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. पहिले जमते. माझी अक्कलहुशारी शाबूत आहे, मला कोणी धाक घातलेला नाही की लालूच दाखवलेली नाही. माझ्या पश्चात घरात कुरबूर होऊ नये म्हणून मी माझ्या मिळकतीची व्यवस्था स्वतःच्या हाताने पुढीलप्रमाणे करून ठेवतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. निगडीच्या दोन खोल्या, पुढचे अंगण व नळजोड माझी पत्नी कस्तुरा हिला पूर्ण मालकीने द्यावा. तिने त्यात राहावे, भाड्याने द्यावे किंवा विकावे. भावकीतला कोणी “बाईमाणसाला एवढं घर कशाला” म्हणत आलाच, तर त्याला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे आणि चहा न देता वाटेला लावावे.

कलम २. फंड व ग्रॅच्युइटी कस्तुरा आणि मुलगी इंद्रायणी यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. इंद्रायणीचा वाटा तिच्या शिक्षणासाठी आहे. लग्नाच्या मांडवासाठी नाही.

कलम ३. मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि हत्यारांची पेटी माझ्या पैशाची आहे, कंपनीची नाही. पावत्या पेटीच्या झाकणाला चिकटवल्या आहेत. ती इंद्रायणीला द्यावी. पितळी दुर्बीण मात्र माझी नाही. ती चिंचवडचे अण्णासाहेब खांबेटे यांची आहे. त्यांना परत करावी. पोचवायला दुसऱ्या कोणाला पाठवावे, माझ्या घरच्यांनी जाऊ नये.

कलम ४. मोशीच्या जमिनीतला माझा हिस्सा धाकटा भाऊ भिमाजी याला. त्याने तो कारखानदाराला विकला तरी माझी हरकत नाही. त्या जमिनीसाठी आमच्या वाडवडिलांनी गावाची काय काय कामे केली, ते मला ठाऊक आहे. मला तिचा लोभ नाही.

कलम ५. आता यादीबद्दल. ‘भारतातून दिसणारी सूर्यग्रहणे’ या नावाचे हस्तलिखित लोखंडी कपाटात आहे. ते माझ्या सगळ्या मिळकतीत सर्वांत मोलाचे आहे, म्हणून ते कसे झाले हे लिहिणे भाग आहे.

सन १९६२च्या पौषात आठ ग्रह एका राशीत येऊन जग बुडणार अशी आवई उठली होती. आमच्या खात्यातली बरीच माणसे मरायला आपापल्या गावी निघून गेली. त्याच अमावस्येला सूर्यग्रहणही होते, पण ते दूर समुद्रापलीकडे. मी तेव्हा चिंचवडच्या रात्रशाळेत मॅट्रिकला बसलो होतो आणि गणिताला अण्णासाहेब होते. मी त्यांना विचारले, “गुरुजी, आपल्याकडं न दिसणाऱ्या ग्रहणाला लोक का भितात?”

ते म्हणाले, “खंडूराव, दिसणार कुठलं आणि न दिसणार कुठलं, हेच कुणाला धड माहीत नाही. दोन पंचांगं शेजारी ठेवा, भांडायला लागतात.”

माझा मतलब वेगळा होता. मला जन्मतारीख नव्हती. शाळेत घालताना मास्तरांनी १ जून लिहिली आणि साल चेहऱ्याकडे बघून ठरवले. आईला विचारले की ती एकच सांगे, “पिठोरीच्या आवसंला झालास तू. सकाळच्या पारी गिरान व्हतं. गिरान सुटलं आन् कळा सुरू झाल्या.” गावात ग्रहण लागले की आमच्या बायका पदर पसरून दारोदार “दे दान, सुटे गिराण” ओरडत फिरायच्या, हे वाचणाऱ्याला ठाऊक असेल. गरोदर बाईने ग्रहणात उंबऱ्याबाहेर पडू नये, सुरीला हात लावू नये, असा गावाचा नियम होता. माझी आई भरल्या दिवसांची त्याच गावात पदर पसरून ओरडत फिरत होती. तिला तो नियम कोणी लावला नाही.

एका ग्रहणाचा शोध घ्यायला म्हणून बसलो आणि सगळ्यांचा घेत गेलो. रविवार आला की मी गाडीने चिंचवडला उतरायचो. अण्णासाहेब गणित मांडायचे, मी पुण्याच्या ग्रंथालयांतून जुनी पंचांगे आणि वर्तमानपत्रे उतरवून आणायचो. दोन वेगवेगळ्या ठिकाणी आधार सापडल्याखेरीज ग्रहण यादीत घ्यायचे नाही, हा नियम त्यांचा. आसामच्या टोकाला जरी सूर्य उगवताना चावलेला दिसला तरी ते भारतातले ग्रहण, हा हट्ट माझा. फाळणीआधीचा देश कुठवर धरायचा यावरून आम्ही एक अख्खा पावसाळा भांडलो. त्यांच्या पत्नी, सुभद्राबाई, आम्हा दोघांना एकाच पंगतीला वाढायच्या. हे मी मुद्दाम लिहितो.

माझे ग्रहण सापडले. सोमवार, २१ ऑगस्ट १९३३, श्रावणातली अमावस्या, सकाळची वेळ. कंपनीच्या साहेबांनी “सूर्याचा दाखला चालत नाही” म्हणून कागदावरची जन्मतारीख बदलण्याचा माझा अर्ज परत केला. पण तेव्हापासून दर २१ ऑगस्टला अण्णासाहेब पेढ्यांचा पुडा घेऊन निगडीला येत. माझा वाढदिवस करणारा तो पहिला माणूस.

कलम ६. यंदाच्या १६ फेब्रुवारीचे ग्रहण मोठे होते. दक्षिणेत खग्रास आणि आपल्याकडे सूर्याची कोर राहील एवढे. इतकी वर्षे कागदावर ग्रहणे मांडली, हे डोळ्यांनी बघायचे होते. अण्णासाहेबांच्या अंगणात दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्य पाडायचा असे ठरले. मी आईलाही नेले. कस्तुरा नको म्हणत होती. आईला दोन वर्षांपासून विसर पडत होता. कधी मला ओळखे, कधी भिमाजी समजे. पण छप्पन साली दीक्षा घेतल्यावर मोशीत पहिल्यांदा तीच म्हणाली होती, “आता कुनाच्या दारात गिरान मागायचं न्हाई.” त्या बाईने एकदा खुर्चीवर बसून, हातात चहाचा कप धरून ग्रहण पाहावे, अशी माझी इच्छा होती.

तशी ती बसलीही. पुठ्ठ्यावरचा सूर्य खाल्लेला बघून म्हणाली, “भाकरीवानी दिसतंय.” आम्ही सगळे हसलो.

दुपार कलली तसा उजेड पितळेसारखा झाला. कावळे झाडावर परतले. बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हते. लोक दारे लावून बसले होते. मी पुठ्ठ्यावर कोरीची रेघ आखत होतो. कस्तुरा पाणी आणायला आत गेली. आणि बाहेरून आवाज आला.

“दे दान! सुटे गिराण!”

मला आधी वाटले कोणी चेष्टा करते आहे. मग खुर्ची रिकामी दिसली. मी धावलो. गल्लीच्या मधोमध माझी आई पदर पसरून चालली होती. मान वर, आवाज तरण्या बाईचा. “दे दान! सुटे गिराण!” एका माडीची खिडकी किलकिली झाली आणि वरून जुने लुगडे तिच्या अंगावर पडले. खिडकी लगेच लागली. कोणी टाकले ते दिसलेही नाही. मैलभरावर आमच्या कारखान्यांची धुराडी, सन १९८०, आणि माझ्या आईच्या डोक्यावर परक्याचे लुगडे.

मी हाक मारली, “आये!” तिने वळून पाहिले आणि मला ओळखले नाही. पुन्हा ओरडली. तिचा घसा फाटला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण थांबेना.

तेवढ्यात अण्णासाहेब मागच्या दाराने बाहेर आले. त्यांच्या हातात धान्याने भरलेले सूप होते. ते माझ्या आईसमोर गेले आणि ओणवे झाले. मला त्यांची पाठ दिसली. आई ओरडायची थांबली. “लेकराबाळांचं भलं व्हवो,” असा आशीर्वाद देऊन ती जागीच खाली बसली.

 मी मागूनच म्हणालो, “गुरुजी, माझ्या आईला तुम्ही दान घातलंत?”

“खंडूराव, ती थांबत नव्हती हो. तिला घेतल्याशिवाय थांबता येत नव्हतं.”

“इतकी वर्षं माझ्याबरोबर गणितं केलीत. सूर्याआड चंद्र येतो, एवढंच ग्रहण. मग हे कोणतं ग्रहण सोडवलंत?”

ते उत्तर द्यायला तोंड उघडत होते. मी ऐकायला थांबलो नाही. आईला उचलले आणि निघालो. ते लुगडे गल्लीतच टाकले. कस्तुराने मागून घाईघाईत आमचे सामान आणले, त्यात त्यांची दुर्बीणही आली.

आई होळीनंतरच्या आठवड्यात गेली. अण्णासाहेब स्मशानात आले होते, लांब उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. आजही डोळे मिटले की ते सूप दिसते. परक्या माणसाने केले असते तर मी दोन शिव्या देऊन विसरलो असतो.

कलम ७. सबब, यादी छापली गेल्यास तीवर फक्त खंडू भिवा ओव्हाळ एवढेच नाव असावे. अण्णासाहेब खांबेटे यांचे नाव प्रस्तावनेतही येऊ नये. त्यांची गणिते त्यांना दुर्बिणीबरोबर परत करावीत.

कलम ८. कलम ७ लिहून झाल्यावर मी ते कस्तुराला वाचून दाखवले. घरातले माणूस आहे, तिला नंतर धक्का बसू नये म्हणून. ती भाजी निवडत होती.  ऐकून झाल्यावर म्हणाली, “त्या सांजेला मी आत्यांचे पाय धूत व्हते. तवा त्या काय बोलल्या ते तुमाला सांगितलंच न्हाई मी.”

“का नाही सांगितलं?”

“तुमी ऐकायच्या मनात व्हता व्हय? भिंतीवर मुठी मारत व्हता.”

मग तिने सांगितले. आई तिला म्हणाली होती, “कस्तुरे, कोन गं त्यो बामन? मी पदर पसरला, तर त्यानं सूप खाली ठेवलं. वरनं न्हाई टाकलं. माझं दोन्ही हात धरलं त्यानं आन् त्याच्या ओंजळीतनं माझ्या ओंजळीत दिलं. गिरानात कुनी शिवतं व्हय गं आपल्याला? मला तर भ्याच वाटलं.” आणि रात्रभर ती आपले तळवे बघत होती, असे कस्तुराने सांगितले.

मला हे ठाऊक नव्हते. मी पाठीमागे उभा होतो.

 त्यांनी दान दिले ते मला आजही पटत नाही. माझ्या आईला त्यांनी घरात आणायला हवे होते. पण ऐंशी वर्षांच्या आयुष्यात ग्रहणात तिचा हात एकाच माणसाने धरला, आणि तो तेच. ही दोन कामे एकाच माणसाने एकाच वेळी केली. त्यांची वजाबाकी मला येत नाही.

तरी कलम ७ मी रद्द करतो. त्यावर आडवी रेघ मारून बाजूला सही केली आहे. यादीवर दोन्ही नावे असावीत, अण्णासाहेबांचे आधी, कारण ते वयाने मोठे आहेत. छापील पुस्तकाच्या हक्कात त्यांचा निम्मा वाटा, उरलेला निम्मा इंद्रायणीचा. १६ फेब्रुवारी १९८०च्या नोंदीला आधार दोन लिहावेत: त्यांची दुर्बीण आणि माझा पुठ्ठा. त्या दिवशीचे बाकी काही यादीत लिहू नये.

कलम ३मधले ‘माझ्या घरच्यांनी जाऊ नये’ हे वाक्यही रद्द. ही गोष्ट माझ्या मरणानंतर वकिलाने त्यांना कळवावी, असे आधी मनात आले होते. ते बरोबर नाही. उद्या सकाळच्या गाडीने मीच चिंचवडला जातो. काय बोलायचे ते ठरलेले नाही. जिना त्यांच्या घराला नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला आणि साक्षीदारांच्या देखत सही केली. साक्षीदारांनी माझ्या देखत सह्या केल्या. यातून त्यांना काहीही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे.

मुक्काम निगडी, सोमवार, दिनांक ९ जून १९८०

सही: खंडू भिवा ओव्हाळ

साक्षीदार
१. आबाजी कोंडाजी भालेराव, फिटर, राहणार पिंपरी – सही
२. छबूबाई कोंडीराम शिंदे, शेजारी, राहणार निगडी – डाव्या हाताचा अंगठा