टोपली उपडी करून

तहा, सलाम.

हे पत्र तुला धाडणार नाही. कुणाच्या हाती लागलं तर तिथल्या गोल्फच्या मैदानावरची तुझी नोकरी जाईल.

काल फोनवर म्हणालास, "आपा, त्या मोठ्या खेळाडूचं मनगट सुजलंय, बाहेर कुणाला ठाऊक नाही. तुझे शेअर आत्ताच विकून टाक." तो स्पर्धा जिंकणार, या अंदाजावर मी ॲपवर घेतलेले, तो जिंकला तरच पैसे देणारे शेअर आज चढलेत, हे खरं. पण मी विकले तर घेणार कोण? हे ठाऊक नसलेलाच कुणीतरी ना!

आपल्या नाटे गावच्या जेटीवर मासळीची बोली लागण्याआधी अब्बा टोपली उपडी करायचे. तळाची नरम मासळी सगळ्यांना दिसायची, भाव पडायचा, आणि तू चिडायचास. ही टोपली मला उपडी करता येत नाही, तुझ्या पोटावर पाय येईल. म्हणून मी विकणारच नाही.

रविवारी तो हरेल, माझे शेअर मातीमोल होतील. तेव्हा मला हवं तेवढं बोल, मी ऐकून घेईन. मात्र यापुढे मैदानावरचं मला काही सांगायचं नाही. जेवलास का, तेवढंच सांग.

तुझी हट्टी आपा,
समरीन