ग्रोंझकी गावच्या तळ्याची खोली

प्रति,
मा. सभापती,
ग्मिना (ग्रामसमूह) कार्यालय, बोरोव्येत्स

विषय : ग्रोंझकीच्या माहितीफलकावरील तळ्याची खोली दुरुस्त करणेबाबत.

संदर्भ : बसथांब्यावर दि. २ जुलै २००९ रोजी लावलेला ‘आमचे गाव : भूगोल व इतिहास’ हा फलक.

महोदय,

मी खाली सही करणार ब्रोनिस्वावा श्चेपानिक, वय ६५, जन्मापासून ग्रोंझकीची रहिवासी. सदर फलकाचा मजकूर आमचे सरपंच व निवृत्त शिक्षक श्री. वालेंती गाव्रोन यांनी लिहिला आहे. त्याबाबत निवेदन करते की,

१. टेकडीची उंची सात मीटरने वाढवली आहे. इतिहास सन १४१२ पासून निघतो तो थेट गाव्रोन घराण्याच्या ओसरीवर येऊन बसतो. त्याबद्दल तक्रार नाही. हौस आहे, भागवू द्यावी.

२. मात्र ‘गावतळे : कमाल खोली एक मीटर’ ही ओळ धडधडीत खोटी आहे. जानेवारी १९५८ मध्ये डेअरीसाठी तळ्यावरचा बर्फ कापताना माझा भाऊ लुद्विक बुडाला. त्याच्या कमरेला दोर होता व दुसरे टोक श्री. गाव्रोन यांच्या हाती होते. बर्फ फुटताच ते दोर टाकून पळाले. मी काठावर होते, मी पाहिले. संध्याकाळी त्यांनी गावभर सांगितले, "पाणी कमरेइतकं तर होतं. लुद्विकच पिऊन तर्र होता, उठलाच नाही." माझी आई हे ऐकत एकवीस वर्षे जगली. चौदा वर्षांच्या पोरीचे कोणी ऐकले नाही.

३. गेल्या मंगळवारी मी होडीतून कपडे वाळत घालायची दोरी इस्त्री बांधून सोडली. चार मीटर वीस भरले. गाठ मारलेली दोरी अर्जासोबत जोडली आहे. इस्त्री गाळातच राहिली. हे दुकानात सांगितले तेव्हा सरपंच सगळ्यांदेखत म्हणाले, "ब्रोन्का, आता काय तळ्याचा समुद्र करतेस? जा, घरी जाऊन धुणी वाळत घाल." लोक हसले. त्यांची नावे मी लिहून ठेवली आहेत, मागितल्यास सादर करीन.

४. फलक काढू नये. लेखकाचे नावही राहू द्यावे, हवे तर मोठ्या अक्षरांत. फक्त १६ ऑगस्ट रोजी, संत रोखच्या सणाची चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर, सर्व गावासमक्ष मोजणी व्हावी व तशी नोटीस आपल्या सहीने निघावी. मोजणीस सरपंचांनीच पाण्यात उतरावे, कारण त्यांच्या लेखी ते कमरेइतकेच आहे. खबरदारी म्हणून त्यांच्या कमरेला दोर बांधावा. दुसरे टोक धरण्यास मी तयार आहे.

आपली नम्र व अद्याप जिवंत साक्षीदार,
ब्रोनिस्वावा श्चेपानिक
ग्रोंझकी, दि. २० जुलै २००९