लटारूभाऊंच्या तीन अटी आणि झटका मशीन

गडचांदूर, १४ ऑक्टोबर २००३

आदरणीय लटारूभाऊ यांना रफीकचा सलाम, आणि वरून जयभीम.

इथी सिमेंटची धूळ सोडली तर सगळे खुशाल. तुमच्या मांडीचा घाव आता कसा आहे? (हे खरं म्हणजे गिरजावहिनीलेच विचाराले पाहिजे, तुम्ही तर 'काई नाई' म्हणान.) मागच्या साली रानडुकरानं मांडी फाडली, तरी यंदा धान निसवताच, लोंब्या दिसताच, तुम्ही पुन्हा राखणीले मचाणावर झोपायले गेले. दरवेळी जीव वाचत नसते, भाऊ, मले खरंच भेव वाटते. घरी झोपा म्हटलं तर तुम्ही तीन अटी टाकल्या: कुंपणाच्या तारेत करंट सोडणारी झटका मशीन एका खांद्यावर नेता आली पाहिजे, बॅटरीवर चालली पाहिजे, आणि डुक्कर पळालं पाहिजे पण मरू नये (खांबावरून चोरून तार टाकणाऱ्यांतले आपण नाई, हे मात्र लाखाचं बोलले). तुम्हाले वाटलं, अशी मशीन भेटतच नाई. मी मोटर वाइंडिंगवाला माणूस, मले असं म्हणता?

आईले चंद्रपुरात डोळे दाखवाचेच होते, तिले घेऊनच दुकानात गेलो. दुकानदारानं बॅटरीवरच्या तीन मशिनी मांडल्या. पहिली उचलायले मी, तो आणि वरून एक बैल लागला असता. बाकीच्या दोन जेवणाच्या डब्याएवढ्या. तो म्हणे, आठ हजार व्होल्ट, पण सेकंदाले एकच ठोका, म्हणून जीव जात नाई. मी उस्तादासारखी बाही वर करून एका डब्याच्या तारेले बोट लावलं. काईच नाई. दुसऱ्या डब्याच्या तारेले लावलं, तिथीही तेच. मग मी दुकानदाराची अशी बिनपाण्यानं केली, की रस्त्यावरची माणसं थांबली. आई एवढा वेळ स्टुलावर बसून सगळं पाहत होती. ती हळूच म्हणाली, "रफीक, डुक्कर रबरी चप्पल घालून येते का रे?"

चप्पल काढून दुकानामागच्या ओल्या आंगणात उभा राह्यलो, दोन्ही तारांले पुन्हा बोट लावलं. भाऊ, खांद्यापर्यंत असा दणका बसला, की मी दुकानदाराले 'साहेब' म्हणून गेलो. त्यानं चहा मागवला.

दोन्ही डबे सारखेच जोरदार, मग निवडाचं कसं? इथीही आईच. तिनं तारेवर ओलं गवत टाकाले लावलं. म्हणे, बांधा-धुऱ्यावरचं गवत तारेले लागणारच, ते रोज कोण कापत बसते? एका डब्याचा झटका त्या गवतातच जिरला, दुसऱ्या, जरा लहान डब्याचा टिकला (हे हात लावून सांगाले दरवेळी मीच). शाळेचं तोंड न पाह्यलेली बाई, पण पारख अशी, की दुकानावरची माझी पाटी काढून आईचं नाव 'रहमतबी' लिहावं वाटते. लहान डबा घेतला. तुमच्या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या.

आपला,
रफीक

ता. क. आर्थिंगची सळई ओल्या जागी खोल ठोका.

ता. क. आणखी एक. मशीन पार्सलनं पाठवणार होतो, आईनं ऐकलं नाई. तुमच्या धानोऱ्याच्या एसटीनं डबा मांडीवर घेऊन ती स्वतःच निघाली, हे पत्रही तिच्याच हातून भेटलं असंल. मचाण सुटेपर्यंत तिचा मुक्काम तुमच्याकडेच. तिनं ठरवून टाकलं आहे, लटारू जिथी झोपंल तिथीच मीबी झोपीन. तिचे गुडघे गेलेले आहेत, भाऊ, तिले मचाणाची शिडी चढता येत नाई.