दोन ग्लोव्हज

११ मे, सकाळ

ताई,

नाही, आज तू ऐकूनच घे. "तुझं नाव कुठे छापलंय?" असं मी परत म्हणणार नाही. नमस्कार-बिमस्कार राहू दे. आई बरी आहे, मिक्सर दुरुस्त झाला, माझी बॅग भरून झाली. दहाची गाडी आहे. उद्यापासून पेपरात इंटर्नशिप.

माझ्या बातमीत तुझं नाव खरंच नव्हतं. हॉस्पिटलचंही नव्हतं. "धुलाई विभागातली एक बाई," बस. पण पत्रकारितेच्या सरांनी वर्षभर डोक्यात भरवलेलं, की बारकावा असला तर बातमी जिवंत होते. म्हणून लिहिलं, की चादरींत विसरलेल्या सुया निघतात आणि एकदा टोचल्यापासून ही बाई डाव्या हातात दोन ग्लोव्हज घालते. काय खूश होते मी त्या वाक्यावर! अख्ख्या धुलाईत दोन घालणारी तू एकटीच, हे डोक्यातच आलं नाही. तुमच्या सुपरवायझरला मात्र मिनिटही लागलं नाही. "झळकलात की बाई! आता घरी बसून वाचा."

डोक्यात आलं नाही, हे खोटं आहे.

कॉलेजचा अंक छापायला जायच्या आधी सरांचा फोन आला होता. "त्या बाईंना वाचून दाखवलंस ना?" तू समोरच भाजी चिरत होतीस. मी म्हणाले, "हो सर." तू मान वर करून हसलीसही. विचारलं असतं तर ते वाक्य काढायला लावलं असतंस, म्हणूनच नाही विचारलं. आणि तू कुठे बातमी देत होतीस? हात का दुखतो, ते बहिणीला सांगत होतीस.

इंटर्नशिपच्या मुलाखतीत पेपरच्या संपादक बाईंनी नेमकं तेच वाक्य मोठ्याने वाचलं. म्हणाल्या, "लोक विश्वास टाकतात हं तुझ्यावर." मी नुसती मान हलवली. तोवर तुझी नोकरी जाऊन नऊ दिवस झाले होते.

पाकिटात आणखी एक चिठ्ठी आहे, संपादक बाईंसाठी. सगळं खरं लिहिलंय. तीनदा पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले आणि परत आले. तू टाक, नाहीतर फाड. गेली इंटर्नशिप तर जाऊ दे.

बघ, हेही तुझ्याच गळ्यात मारलं.

जिन्यात तुझ्या चपला वाजतायत. तू कुंडीमागची किल्ली शोधशील तोवर मी मागच्या दाराने—

तुझी, अजून म्हणू देशील तर,
धाकटी